उन्हातल्या काळ्या रेघा



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत राहिले. प्रयोगवहीत नुसता आकडा लिहिलेला त्यांना चालत नसे, तो कसा मिळाला हे शेजारी लिहावं लागे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. आजच्या विषयाला ही शिस्त फार जवळची आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड किती, मिथेन किती, हे आता उपग्रहावरून मोजतात. आकडे वर्तमानपत्रात छापून येतात, आपण ते वाचतो आणि पान उलटतो. ते आकडे मिळतात कसे, त्यांच्यावर किती विसंबायचं आणि आपण महाराष्ट्रातल्या माणसांनी त्यांचं करायचं काय, एवढंच मला आज सांगायचं आहे.

२२ जून २०१६ या दिवशी सकाळी ९ वाजून २६ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ झेपावलं. एकाच उड्डाणात वीस उपग्रह होते. आपल्याला त्यातला 'स्वयम्' आठवत असेल. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीच्या, विद्यार्थ्यांनी बनवलेला, जेमतेम एक किलो वजनाचा. त्या मुलांचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच अग्निबाणाने एका कॅनेडियन कंपनीचा एक लहानसा उपग्रहही कक्षेत सोडला. कंपनी जीएचजीसॅट, उपग्रहाचं नाव 'क्लेअर'. एखाद्या खाणीतून, एखाद्या वायुवाहिनीतून, एखाद्या कचऱ्याच्या डोंगरातून किती मिथेन बाहेर पडतो, हे जागा नेमकी दाखवून सांगणं हे त्याचं काम होतं. इतक्या बारकाईनं एकेका ठिकाणाचा मिथेन पाहण्यासाठीच बनवलेला उपग्रह त्याआधी झाला नव्हता.

२०१९च्या सुरुवातीला क्लेअर पश्चिम तुर्कमेनिस्तानातला एक चिखलाचा ज्वालामुखी पाहत होता. अशा ज्वालामुखीतून नैसर्गिकरीत्या मिथेन निघतो, तो मोजायचा होता. चित्रात मिथेनचा मोठा लोट दिसला खरा, पण तो ज्वालामुखीतून निघत नव्हता. जवळच्या कोर्पेजे वायुक्षेत्रातल्या कॉम्प्रेसर स्टेशनपाशी तो उगम पावत होता. मग युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरच्या 'ट्रोपोमी' उपकरणाच्या जुन्या नोंदी काढल्या. फेब्रुवारी २०१८ ते जानेवारी २०१९ या वर्षभरात तिथून सुमारे १,४२,००० टन मिथेन हवेत गेल्याचा अंदाज निघाला. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅलिसो कॅन्यनची वायुगळती २०१५-१६मध्ये जगभर गाजली होती, लोकांना घरं सोडावी लागली होती. तिथून चार महिन्यांत सुमारे ९७,००० टन गेला होता. तुर्कमेनिस्तानातली गळती त्याहून मोठी, आणि वर्षभर तिची कुठे ओळभर बातमी नाही. मिथेनला रंग नाही, वास नाही. ओसाड वाळवंटात तो फुसफुसत राहिला तर कोणाला कळणार?

हा रंगहीन वायू शेकडो किलोमीटरांवरून दिसतो कसा, ते आता पाहू. इथे थोडा वेळ घेणार आहे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

१८१४च्या सुमारास बव्हेरियात जोसेफ फ्राउनहोफर नावाचा काचेचा कारागीर उत्तम भिंगं बनवत असे. त्यानं सूर्यप्रकाश लोलकातून फाकवून दुर्बिणीतून पाहिला. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या पट्ट्यात त्याला काळ्या रेघा दिसल्या, पाचशेहून अधिक. त्यानं त्या नेमक्या टिपल्या आणि ठळक रेघांना अक्षरं दिली. तांबड्या टोकाला, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या पट्ट्याला त्यानं पहिलं अक्षर दिलं, 'ए'. त्या रेघा का पडतात हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढे कळलं की प्रत्येक मूलद्रव्य, प्रत्येक रेणू ठरावीक रंगांचाच प्रकाश गिळतो आणि गिळलेल्या रंगाच्या जागी काळी रेघ उरते. रेघांचा तो संच म्हणजे त्या पदार्थाची सही.

या रेघांच्या इतिहासातलं एक पान आपल्या देशात लिहिलं गेलं. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट त्यांनी तिथे पाहिला, आणि हीलियमच्या शोधाची कथा त्या ग्रहणापासून सुरू होते. आपल्या विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात, तिथले लोक दर १८ ऑगस्टला हीलियम दिन पाळतात, ते याच ग्रहणामुळे. जान्सेन यांची पुढची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. वर्णपटातल्या काही रेघा सूर्याच्या नसून आपल्याच हवेच्या आहेत, अशी त्यांची खात्री होती. सूर्य माथ्यावर असताना त्या फिक्या पडतात आणि क्षितिजाजवळ आला की गडद होतात, कारण तेव्हा किरण जास्त हवेतून येतो. मग उंच डोंगरावर, जिथे डोक्यावरची हवाच कमी, तिथे त्या आणखी फिकट दिसायला हव्यात. हे पडताळायला साठी उलटलेले, लहानपणापासून एका पायानं अधू असलेले जान्सेन १८९० साली माँ ब्लाँच्या माथ्यावर गेले. वाटाड्यांनी त्यांना घसरगाडीवर बसवून बर्फातून ओढत नेलं. ऑक्सिजनच्या रेघा वर खरोखरच क्षीण झालेल्या दिसल्या. फ्राउनहोफरनं 'ए' म्हटलेला पट्टाही ऑक्सिजनचाच. आजचे कार्बनमापक उपग्रह नेमक्या याच पट्ट्यावर पहिला भरवसा ठेवतात. का, ते सांगतो.

उपग्रहाला वायू दिसत नाही, त्याला ऊन दिसतं. सूर्याचा किरण हवेतून खाली येतो, जमिनीवर आदळून परततो, पुन्हा हवेतून वर जातो आणि उपग्रहाच्या आरशावर पडतो. या दुहेरी प्रवासात कार्बन डायऑक्साइडनं आपल्या वाट्याचे रंग गिळलेले असतात. हे रंग डोळ्याला न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त भागातले आहेत, १.६ आणि २ मायक्रॉनच्या आसपासचे. मिथेन १.६५ आणि २.३ मायक्रॉनपाशी गिळतो. रेघ जितकी खोल, तितका वाटेत वायू जास्त. पृथ्वीतून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांवरूनही वायू मोजता येतात आणि तसे उपग्रह आधीपासून आहेत. पण त्यांना मधली आणि वरची हवा चांगली दिसते, जमिनीलगतची कमी. आपल्याला हवा असतो तो जमिनीलगतचाच थर. धुराडी तिथे आहेत, शेती तिथे आहे. म्हणून ऊन लागतं.

नुसता कार्बन डायऑक्साइड मोजून भागत नाही. डोंगरावर किरण कमी हवेतून जातो, समुद्रकाठी जास्त. हवेचा दाब रोज बदलतो. दूध संकलन केंद्रावर फॅट टक्क्यात काढतात, कारण स्निग्धांश किती हे कळून भाव ठरत नाही, तो किती दुधात आहे हेही लागतं. इथेही तसंच. 'किती हवेत' हे ऑक्सिजन सांगतो. कोरड्या हवेत त्याचं प्रमाण सगळीकडे जवळजवळ २०.९५ टक्के, म्हणजे फ्राउनहोफरच्या 'ए' पट्ट्याची खोली मोजली की वाटेत एकूण हवा किती लागली ते कळतं. त्या हवेला कार्बन डायऑक्साइड किती, याचा भागाकार म्हणजे शेवटचा आकडा. तो दशलक्षात किती भाग, म्हणजे पीपीएममध्ये, सांगतात.

नासाचा ओसीओ-२ हा उपग्रह हेच काम करतो. तो ७०५ किलोमीटरांवरून दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. त्यात तीन वर्णपटमापक आहेत आणि प्रत्येक जण आपला पट्टा १,०१६ रंगांत चिरतो. सेकंदाला चोवीस नोंदी, दिवसाला सुमारे दहा लाख. एका नोंदीखाली जमिनीचा जो तुकडा येतो तो साधारण सव्वा किलोमीटर रुंद आणि सव्वादोन किलोमीटर लांब.

एवढी चिरफाड कशाला, असं वाटेल. हवेत कार्बन डायऑक्साइड आता ४२० पीपीएमच्या पुढे आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो २८०च्या आसपास होता. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८मध्ये हवाईतल्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१३ होता. ही वाढ मोठी आहे, पण वायू जगभर मिसळून गेलेला असतो. एका शहरामुळे डोक्यावरच्या हवेच्या स्तंभात पडणारी भर अगदी थोडी. २०१२मध्ये जपानच्या उपग्रहाच्या नोंदी वापरून शहरांवरची ही भर मोजण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दोन शहरं होती. लॉस एंजेलिस आणि मुंबई. लॉस एंजेलिसवर आसपासच्या हवेपेक्षा ३.२ पीपीएम जास्त, मुंबईवर २.४. चारशेमधले अडीच! आणि त्यातही एक-सव्वा पीपीएमची अनिश्चितता. हे काम ज्याला करायचं त्याला पाव टक्क्याची चूकही परवडत नाही.

हवेत वायूंखेरीज धूळ असते, धूर असतो, विरळ ढग असतात. किरण त्यांच्यावर आपटून वाकड्या वाटेनं उपग्रहापर्यंत पोहोचतो, त्याचा प्रवास लांबतो किंवा तुटतो, आणि हिशेब बिघडतो. ओसीओ-२च्या दहा लाख नोंदींतल्या नव्वद टक्क्यांच्या आसपास बाजूला टाकाव्या लागतात, मुख्यतः ढगांमुळे. आपल्यासाठी याचा अर्थ काय, ते लक्षात घ्या. जून ते सप्टेंबर कोकण, सह्याद्री आणि बहुतेक महाराष्ट्र ढगाखाली असतो. ज्या चार महिन्यांत आपली जमीन हिरवी होते, भात उभा राहतो, घाटातलं जंगल हवेतला कार्बन ओढून घेतं, त्याच चार महिन्यांत उपग्रहाला आपण जवळजवळ दिसत नाही. वर्षाच्या हिशेबातलं सगळ्यात महत्त्वाचं पान कोरं.

म्हणून मला जमिनीबद्दल बोलायचं आहे. आकाशातल्या यंत्रांचं कौतुक सगळे करतात, त्यांना खरं ठरवणारी माणसं मात्र कोणाच्या नजरेत येत नाहीत.

२००९ साली कार्बन मोजायला दोन उपग्रह निघाले. २३ जानेवारीला जपानचा 'गोसॅट', म्हणजे 'इबुकी', तानेगाशिमा बेटावरून व्यवस्थित कक्षेत गेला. २४ फेब्रुवारीला अमेरिकेचा पहिला ओसीओ कॅलिफोर्नियातून उडाला. अग्निबाणाच्या टोकावरचं कवच सुटलंच नाही, त्या वजनानं वेग कमी पडला आणि उपग्रह अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात कोसळला. कित्येक वर्षांचं काम काही मिनिटांत गेलं. त्यानंतर जे घडलं ते विज्ञानाच्या इतिहासात ठळक लिहायला हवं. जपानी चमूनं अमेरिकी चमूला बोलावून घेतलं आणि इबुकीच्या नोंदींवर एकत्र काम करायला सुचवलं. ओसीओसाठी लिहिलेली गणितं इबुकीच्या नोंदींवर घासूनपुसून तयार झाली. २ जुलै २०१४ला ओसीओ-२ वर गेला तेव्हा त्या माणसांच्या हाताशी पाच वर्षांचा अनुभव होता.

हे दोन्ही चमू उन्हाळ्यात नेव्हाडातल्या रेलरोड व्हॅलीत एकत्र जाऊ लागले. तिथे एका आटलेल्या तळ्याचा विस्तीर्ण, सपाट, फिकट रंगाचा तळ आहे. उपग्रह माथ्यावर येण्याच्या वेळेला माणसं उपकरणं घेऊन त्या तळावर चालतात आणि जमीन किती प्रकाश परतवते ते मोजतात. कोणी हवेचा दाब नोंदवतो, कोणी आर्द्रता. कडक ऊन, सावलीला झाड नाही. कक्षेतला आरसा दरवर्षी थोडा मलूल होत असतो. तो किती मलूल झाला हे या चालणाऱ्या माणसांमुळे कळतं.

दुसरी तपासणी जमिनीवरून सूर्याकडे पाहणाऱ्या यंत्रांची. अमेरिकेतल्या पार्क फॉल्सला २००४मध्ये असं पहिलं केंद्र सुरू झालं. आज जगभर दोन डझनांच्या आसपास केंद्रं टीसीसीओएन या जाळ्यात आहेत. ती उपग्रहासारख्याच रेघा वाचतात, पण थेट सूर्यबिंबाकडे पाहून, त्यामुळे धुळीचा घोळ कमी. मग या केंद्रांना कोण तपासतं? विमानं आणि फुगे. 'एअरकोर' नावाची एक लांबलचक बारीक नळी वेटोळं करून फुग्याला बांधतात. वर जाताना ती रिकामी होते, खाली येताना थराथराची हवा क्रमानं तिच्यात शिरते. जमिनीवर आली की नळीतली हवा मोजायची. ते मोजणारं यंत्र ठरावीक मिश्रण भरलेल्या सिलिंडरांवर जुळवलेलं असतं, आणि त्या सिलिंडरांचं मूळ प्रमाण अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत सांभाळलेलं असतं. कक्षेतल्या प्रत्येक आकड्याच्या मागे अशी साखळी आहे, तिचं शेवटचं टोक एका अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्यात भरलेल्या हवेपाशी येतं. यातली एक कडी तुटली तर आकाशातल्या आकड्याला किंमत नाही.

साखळीतली सर्वांत जुनी आणि साधी कडी म्हणजे काचेची बाटली. कीलिंग यांच्या पद्धतीत पाच लिटरची, आतली हवा काढून निर्वात केलेली काचेची कुपी घेत. नमुना घेणाऱ्यानं वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, श्वास रोखून काही पावलं पुढे जायचं आणि कुपीची तोटी उघडायची. आपल्या उच्छ्वासात सुमारे चार टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. एक निष्काळजी श्वास, आणि नमुना वाया.

हे काम आपल्या किनाऱ्यावर झालेलं आहे. गोव्यातल्या काब द रामच्या कड्यावर १९९३पासून भारतीय आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी मिळून हवेचे नमुने घेतले, आणि भारतात कार्बन डायऑक्साइडची दीर्घकाळ नोंद ठेवणारं ते पहिलं ठिकाण ठरलं. जागा अचूक निवडली होती. पावसाळ्यात नैर्ऋत्य वारा थेट समुद्रावरून येतो, दक्षिण गोलार्धातली स्वच्छ हवा घेऊन. हिवाळ्यात वारा फिरतो आणि देशभरातली, शहरांची, शेतांची, चुलींची हवा त्याच कड्यावर येते. एका जागी उभं राहून दोन जगांची हवा बाटलीत भरता येते. २००२च्या सुमारास ही नोंद थांबली. नंतर काही काळ पुन्हा झाली, पण सलग राहिली नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं, म्हणजे पाषाणच्या आयआयटीएमनं, २००९पासून सिंहगडावर नमुने घ्यायला सुरुवात केली. सुमारे १,३०० मीटर उंचीच्या त्या गडावर आपण रविवारी भजी आणि दही खायला जातो. तिथेच सह्याद्रीच्या हवेचा हिशेब लिहिला गेला हे किती पुणेकरांना माहीत आहे? पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रह आंधळा होतो तेव्हा बाटली आंधळी होत नाही. कोरं राहणारं पान भरायचं असेल तर ते इथूनच भरता येईल.

आता मुंबईकडे येतो, मिथेनकडे. कार्बन डायऑक्साइडचा काही भाग शतकानुशतकं हवेत राहतो. मिथेन दहा-बारा वर्षांत निघून जातो, पण असेपर्यंत फार तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन सुमारे ऐंशी पट. याचा व्यावहारिक अर्थ असा की मिथेन आज थांबवला तर त्याचा परिणाम आपल्या हयातीत दिसतो.

२०२२मध्ये नेदरलँड्सच्या अवकाश संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार शहरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ब्यूनस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई. ट्रोपोमी रोज जवळजवळ सगळी पृथ्वी पाहतो, पण त्याचा एक ठिपका काही किलोमीटरांचा. त्यानं कोणत्या शहरावर मिथेन जास्त आहे ते दाखवलं. मग जीएचजीसॅटच्या बारीक नजरेच्या उपग्रहांना शहरातल्या नेमक्या जागा दाखवून दिल्या. मुंबईत बोट कांजूरमार्गच्या डम्पिंग ग्राउंडवर आलं. ताशी सुमारे ९.८ टन मिथेन, वर्षाचा हिशेब केला तर जवळपास ८५,००० टन. चारही शहरांचं एकूण उत्सर्जन रूढ अंदाजांच्या १.४ ते २.६ पट निघालं.

असा फरक का पडतो, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण तो कोणी लबाडी केल्यामुळेच पडतो असं नाही. रूढ अंदाज कागदावर तयार होतात. शहराचा कचरा किती टन, त्यात ओला किती, एक टन ओल्या कचऱ्यातून साधारण किती मिथेन निघतो, गुणाकार करा. गुणक बहुधा दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या हवामानातल्या मोजमापांवरून आलेला असतो. मुंबईचा कचरा भिजलेला, भाजीपाल्यानं, नारळाच्या करवंट्यांनी, उरलेल्या अन्नानं भरलेला. पावसाळ्यात त्यावर धो धो पाणी पडतं, आत हवा शिरत नाही, आणि मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना याहून चांगली जागा मिळणार नाही. उपग्रहाच्या आकड्यालाही मर्यादा आहेत. त्याला वायूचा लोट दिसतो. त्यावरून ताशी किती टन हे काढायला वाऱ्याचा वेग लागतो, आणि त्यात दहा-वीस टक्क्यांचा फरक सहज पडतो. शिवाय तो ज्या घटकेला गेला त्याच घटकेचं सांगतो. तरीही माझं मत स्पष्ट आहे. तर्कानं केलेल्या गुणाकारापेक्षा मर्यादांसकट केलेलं मोजमाप श्रेष्ठ. कांजूर, भांडुप, विक्रोळीची माणसं त्या दुर्गंधीबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी करत आली आहेत. वास त्यांना येत होता. त्याच कुजण्यातून निघणाऱ्या बिनवासाच्या वायूला आता आकडा मिळाला आहे, आणि तो आकडा कोणत्याही कार्यालयाच्या परवानगीवर अवलंबून नाही.

वीजकेंद्रांच्या बाबतीत काम अवघड आहे, कारण कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत इतका आहे की धुराड्याचा लोट त्यात बुडून जातो. पण ते होतं. पोलंडमधल्या बेल्हातुफ या प्रचंड कोळसा-वीजकेंद्रावरून ओसीओ-२ आणि त्याचा धाकटा भाऊ ओसीओ-३ जेव्हा जेव्हा निरभ्र दिवशी गेले, तेव्हाच्या नोंदी कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी तपासल्या. केंद्रातले संच बंद असले की उत्सर्जन उतरलेलं, वीजनिर्मिती वाढली की चढलेलं, असं वरून दिसलं. आपल्या चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे, अशा निरीक्षणाला पुरेसं मोठं. अडचण एवढीच की ओसीओ-२ची नजर फक्त दहा किलोमीटर रुंद पट्टा पाहते आणि त्याच वाटेवर सोळा दिवसांनी परतते. युरोप 'सीओटूएम' नावाचे उपग्रह बनवतो आहे, त्यांचा पट्टा अडीचशे किलोमीटरांचा असेल. जपाननं जून २०२५च्या अखेरीस 'गोसॅट-जीडब्ल्यू' सोडलाच आहे. पॅरिस करारानुसार प्रत्येक देश आपलं उत्सर्जन स्वतः मोजून कळवतो. तो हिशेब बाहेरून तपासता येईल, असे दिवस फार लांब नाहीत.

या उपग्रहांनी जंगलांबद्दल जे शिकवलं त्याला खरं तर वेगळं व्याख्यान लागेल. एकच सांगतो. २०१५-१६च्या एल निनोत उष्णकटिबंधातल्या जमिनीनं २०११च्या तुलनेत सुमारे अडीच अब्ज टन जास्त कार्बन हवेत सोडला, हे इबुकी आणि ओसीओ-२च्या नोंदींवरून दिसलं. दक्षिण अमेरिकेत दुष्काळानं झाडांचं अन्न बनवणं मंदावलं, आफ्रिकेत उष्णतेनं कुजणं वाढलं, इंडोनेशियाच्या बाजूला वणवे लागले. कारणं तीन, परिणाम एकच. आणि याच यंत्रांनी न मागता एक देणगी दिली. हिरवी पानं उन्हात अतिशय मंद तांबूस उजेड परत टाकतात. तो डोळ्याला दिसत नाही, पण फ्राउनहोफरच्या सूर्याच्या काळ्या रेघा त्यानं किंचित भरून येतात. रेघ किती भरली यावरून खालची झाडं किती जोमानं अन्न बनवत आहेत ते कळतं. वायू मोजायला पाठवलेल्या यंत्रानं झाडांची तब्येत सांगितली.

मला खरी काळजी सातत्याची वाटते. कीलिंग यांच्या मौना लोआच्या नोंदीत १९६४च्या वसंतात काही महिन्यांची फट आहे. कारण पैसे थांबले. ज्या आलेखानं जगाला हवामानबदल दाखवला त्यातही ती फट कायमची राहिली. 'मेथेनसॅट' हा एका पर्यावरणवादी संस्थेनं लोकांच्या देणग्यांवर उभारलेला उपग्रह मार्च २०२४मध्ये वर गेला आणि जून २०२५मध्ये त्याचा संपर्क तुटला. त्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या अंदाजपत्रकाच्या प्रस्तावात ओसीओ-२ आणि ओसीओ-३ बंद करण्याचा बेत मांडला गेला. दोन वर्षांसाठी बनवलेला ओसीओ-२ तेव्हा अकराव्या वर्षी उत्तम काम करत होता! हवेची गेलेली वेळ परत मोजता येत नाही. दुसऱ्यांच्या उपग्रहांवर आणि दुसऱ्यांच्या अंदाजपत्रकांवर आपला हिशेब टांगून ठेवणं धोक्याचं आहे.

म्हणून शेवटी एक सूचना मांडतो, कारण सभागृहात महाविद्यालयांचे प्राध्यापक आहेत, महापालिकेतली माणसं आहेत. सूर्याकडे पाहून वायू मोजणारं एक लहान यंत्र आता मिळतं, ईएम२७/सन नावाचं. वजन साधारण पंचवीस किलो, दोघं जण उचलून गच्चीवर ठेवतील असं. २०१४ साली जर्मन शास्त्रज्ञांनी अशी पाच यंत्रं बर्लिनच्या भोवती ठेवली. वारा शहरात शिरतो तिकडची हवा आणि शहरातून बाहेर पडतो तिकडची हवा यातला फरक म्हणजे शहरानं घातलेली भर. मुंबईला हे बर्लिनपेक्षा सोपं जाईल. ऑक्टोबर ते मे आकाश बहुतेक निरभ्र असतं आणि दुपारी वारा समुद्रावरून येतो, नेमका उपग्रह जाण्याच्या वेळेला. एक यंत्र वरळीच्या बाजूला समुद्राकाठी, दुसरं ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या एखाद्या महाविद्यालयाच्या गच्चीवर, तिसरं कांजूरच्या खाडीपलीकडे. पावसाळ्यात यंत्रं आत ठेवायची आणि काब द राम आणि सिंहगडावर बाटल्या भरायच्या, दर आठवड्याला, न चुकता. 'स्वयम्' बनवला तेव्हा सीओईपीची मुलं पदवीचे विद्यार्थी होती. ही यंत्रं चालवायला लागणारं गणित त्याहून अवघड नाही. लागेल ती रोज दुपारी गच्चीवर जाऊन आरसा पुसणारी, दाब लिहिणारी आणि दहा वर्षं ते सोडून न देणारी माणसं. त्यांच्या पगाराची तरतूद कोणत्या खात्यातून करायची, यावर आज इथेच बोलणं सुरू करू या.